लाल दोऱ्याचं बी

औरंगपुरा, औरंगाबाद
४ सप्टेंबर १९५४

आत्याबाई,

पाया पडतो. हैदराबादला पोचल्याचं तुमचं कार्ड मिळालं. आवडाक्काच्या घरी सकाळी गरम पाणी मिळतं हे वाचून आईला हायसं वाटलं, जसं काही तुम्ही लेकीकडं नाही, लढाईवर गेला होतात. डोळ्याच्या डॉक्टरांनी तारीख दिली की लगेच कळवा.

दुकान ठीक चाललंय. रोज सकाळी गिऱ्हाईक दारात येतं, आत डोकावतं, रिकामी गादी बघतं आणि विचारतं, "बाई कुठं हाईत?" मी सांगतो, मोतीबिंदू काढायला हैदराबादला गेल्यात, मी त्यांचा भाचा बन्सी, दुकान आता मी बघतोय. मग ते विचारतं, "बाई कवा येणार?" पाच वर्षांत तुम्ही बियाण्याचं दुकान काढलंत की देऊळ, हेच मला कळेना. मी गादीवर बसत नाही, शेजारी स्टुलावर बसतो. गादीला हात जरी लावला तरी फकिरा हमाल पाठीवरचं पोतं तसंच ठेवून माझ्याकडं बघत राहतो.

रागावणार नसाल तर दोन गोष्टी बोलतो. पहिली, ते फडकं. दर पोत्यातले शंभर दाणे मोजायचे, ओल्या फडक्यात बांधायचे, चार दिवस दारात टांगायचे, मग चारचौघांत गाठ सोडून किती उगवले ते मोजायचं, आणि ऐंशीच्या खाली गेलं की पोतं माघारी. म्हणजे चार दिवस माल आत आणि गिऱ्हाईक बाहेर. समोरचा दुकानदार आला माल की विकतो. दुसरी, ते दोरे. पैठणच्या मालाला पिवळा, सिल्लोडच्या मालाला हिरवा. काल एका माणसाला घाईत सुतळीनं गाठोडं बांधून दिलं, तर फकिरा गुलमंडीपर्यंत त्याच्यामागं पळाला आणि भर रस्त्यात सुतळी सोडून हिरवा दोरा बांधून आला. लोक हसत होते. मी मॅट्रिक झालेला माणूस, मला लाज वाटली.

जालन्याच्या नानासाहेब अडत्याकडून रब्बीच्या शाळू ज्वारीचं बियाणं मागवलंय, आठ पोती. तुम्ही त्यांच्याकडून कधी घेतलं नाही, पण माल टपोरा आहे. त्याला लाल दोरा काढून ठेवलाय. बघा, ऐकतो मी तुमचं.

तुमचा
बन्सी


हैदराबाद
१० सप्टेंबर १९५४

बन्सी,

खूप मोठा हो. आवडा लिहितेय, मी बोलतेय. तिला बजावलंय, मी बोलेन तसंच लिहायचं, मध्ये आपलं शहाणपण घालायचं नाही. एकवीस तारखेला डोळा कापणार आहेत. आधी उजवा. डॉक्टर तरुण आहे, पण हात थरथरत नाही, मी मुद्दाम त्याला चहाची कपबशी उचलायला लावून बघितलं.

फडक्याला तू उशीर म्हणतोस. ऐक मग. पोलीस अ‍ॅक्शन झाली आणि रझाकारांना भिऊन पळालेली माणसं आपापल्या गावी परतली, तेव्हा घरं होती, पण धान्याच्या कणग्या रिकाम्या होत्या. पेरायचं बीसुद्धा लोकांनी खाऊन संपवलं होतं. माझ्या मालकांनी, तुझ्या मामांनी, जायच्या आधी आमचं बी पेवात, जमिनीखाली दडवलं होतं, तेवढं वाचलं. ते गेले, बी राहिलं. आसपासच्या गावचे लोक ओट्यावर येऊन बसले, म्हणाले, बाई, द्या. मी पेव उघडलं, आणि हात घातला तर बोटांना ओल लागली. मनात आलं, हे मेलेलं असलं तर? ही माणसं एकदा उठलीत, पुन्हा उठायची नाहीत. लुगड्याचा पदर फाडला, शंभर दाणे बांधले आणि सांगितलं, चार दिवस थांबा. तुला सांगते, त्यातला एकही माणूस घरी गेला नाही. ओट्यावरच झोपले. गाठ सोडली तेव्हा अठ्ठ्याऐंशी मोड होते. माझं दुकान त्या दिवशी सुरू झालं, औरंगपुऱ्यातली जागा नंतर घेतली.

म्हणून फडकं. आणि दर पोत्याचं वेगळं. पोत्यावरच्या शिक्क्याशी माझं काही देणंघेणं नाही, मला आतला दाणा बघायचाय.

आता दोरा. तुला वाटतं तो गिऱ्हाइकाला शोभा म्हणून. अरे, बी हातातून गेलं की गेलं, ज्वारी ज्वारीत मिसळते. दोरा ओळखू येतो. तो आपल्यासाठी आहे. तो कशाला लागतो हे तुला कधी कळू नये, असंच मी देवाजवळ मागते.

स्टुलावर बसतोस ते फकिरानं आधीच कळवलंय, त्याच्या भाच्याकडून कार्ड लिहवून घेतलं. गादीवर बस असं मी सांगणार नाही. ज्याचं त्याला कळतं.

आत्याचा आशीर्वाद.

(बन्सी, कपबशीची गोष्ट खरी आहे. डॉक्टर बिचारा पुरता गोंधळला. – आवडा)


औरंगाबाद
१९ सप्टेंबर १९५४

आत्याबाई,

परवा तुमचा डोळा. आई खंडोबाला नारळ बोलली आहे. मी काही बोललो नाही, पण दुकान उघडताना रोज तुमचं नाव घेतो.

आता खुशखबर. जालन्याचं बियाणं आलं, फडकं टांगलं, चौथ्या दिवशी दहा-बारा गिऱ्हाइकांसमोर गाठ सोडली. शंभरात त्र्याण्णव! माझ्यासमोर लोकांनी एकमेकांकडं बघून माना हलवल्या. करमाडचा एक म्हातारा म्हणाला, "बाईचं पोरगं बी तसलंच निगालं की." आत्याबाई, त्या दिवशी जेवायचीही आठवण राहिली नाही मला.

चार दिवसांत पाच पोती गेली. सेहेचाळीस गाठोडी. लाडसावंगी, चौका, करमाड, पिसादेवी, कुठकुठली माणसं आली. समोरचा दुकानदार दोनदा येऊन माल बघून गेला. सगळी गाठोडी लाल दोऱ्यानंच बांधली, फकिरा उभा होता ना. तुम्ही याल तेव्हा दुकानात उभं राहायला जागा नसेल.

बन्सी


हैदराबाद
२४ सप्टेंबर १९५४

प्रिय बन्सी,

शस्त्रक्रिया छान झाली. दोन्ही डोळ्यांवर पट्टी आहे, डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या लावल्यात, म्हणजे मान हलू नये. डॉक्टरांनी बजावलंय की खोकायचं नाही, जोरात हसायचं नाही, आणि रडायचं तर मुळीच नाही, डोळ्याचे टाके जातील. चष्मा दीडेक महिन्यानं. तोवर मीच तिचे डोळे. तिचं पहिलं वाक्य सांगू? "आवडा, ह्या नर्सबाईचा आवाज मंजूळ आहे, हिचं लग्न झालंय का विचार, बन्सीसाठी." सांभाळून राहा.

तुझं पत्र मी वाचून दाखवलं. त्र्याण्णव ऐकून तिच्या चेहऱ्यावर हसू आलं, आणि लगेच म्हणाली, "विचार त्याला. कुठल्या पोत्याचे त्र्याण्णव?" मी म्हटलं, आई, सगळ्याच पोत्यांचे असतील. ती म्हणाली, "मग त्यानं आठ आकडे लिहिले असते." एवढं उत्तर तिला दे.

आवडाक्का


औरंगाबाद
२८ सप्टेंबर १९५४

आत्याबाई,

डोळ्याचं ऐकून जीव भांड्यात पडला. आई उद्या खंडोबाला जाऊन येईल. इकडं दिवाळीच्या आधी दुकानाला चुना मारून घ्यावा असं चाललंय. मागच्या भिंतीला पोपडे आलेत. पांढराच मारायचा, की निळीची झाक घ्यायची? काय करू ते कळवा.

आता जे लिहायचं ते लिहितो. तीन दिवस कागद पुढ्यात घेऊन बसलो आणि उठलो.

त्र्याण्णव एकाच पोत्याचे होते. आठही पोत्यांवर एकच शिक्का, शिवण एक, दाणा वरून सारखा. दारात माणसं खोळंबली होती. मला वाटलं, एकाचं बघितलं म्हणजे आठांचं बघितलं. तुमचा प्रश्न यायच्या पाच-सहा दिवस आधीच फकिरानं मला न विचारता उरलेल्या तीन पोत्यांची तीन फडकी बांधून मागच्या खोलीत टांगली होती. चौथ्या दिवशी गाठी सोडल्या. एकाचे नव्वद. दुसऱ्याचे एक्केचाळीस. तिसऱ्याचे अडतीस. जुना, कुठंतरी भिजून वाळलेला माल नव्यात घुसवलाय. विकलेल्या पाचांत चांगली किती आणि मेलेली किती, देव जाणे.

जालन्याला गेलो. नानासाहेबांनी मला पान दिलं आणि म्हणाले, "अहो, उगवलं नाही तर शेतकरी मुंग्यांना बोल लावतो, पाखरांना लावतो, ओल कमी पडली म्हणतो. दुकानदाराला आजपर्यंत कुणी विचारलंय? गप बसा, आठ दिवसांत पेरण्या उरकतील." आत्याबाई, मी त्यांचं पान खाल्लं आणि गाडीत बसलो. खरं सांगतो, करमाड येईपर्यंत मला त्यांचं म्हणणं पटत होतं. करमाडला खिडकीतून एक माणूस दिसला, डोक्यावर गाठोडं, लाल दोरा. त्यानं मला ओळखलं, हात जोडले. त्यानंतर मला बसवेना, औरंगाबादपर्यंत उभाच होतो.

आता मी काय करू? लोकांना सांगायला गेलो तर पाच वर्षांचं तुमचं नाव एका दिवसात मातीत जाईल. नाही गेलो तर सेहेचाळीस घरांची रब्बी जाईल. आणि परत घेतलं तर बदली द्यायला बी कुठून आणू? तुमच्या गावच्या घरची कणगी उघडू का? तुम्ही सांगाल तेच करीन. तुमचं उत्तर येईपर्यंत थांबतो.

बन्सी


हैदराबाद
२ ऑक्टोबर १९५४

बन्सी,

तुझं पत्र आवडानं वाचून दाखवलं. तू मला असल्या गोष्टी विचारतोस, ह्याचं हसू आलं, पण डॉक्टरानं हसायला बंदी केलीय, म्हणून आतल्या आत हसले.

मी इथं डोळे बांधून पडलेय, डोक्याला वाळूच्या पिशव्या. मला तिथलं काही दिसत नाही. तुला दिसतंय. ज्याला दिसतंय त्यानं करावं, आणि करून मोकळं व्हावं. हैदराबादला कार्ड धाडून कसला कौल लावतोस? दुकान तुझ्या हवाली करून आलेय ते उगाच नाही. सगळं आपल्या डोळ्यांनी बघ, मग हात घाल, आणि एकदा हात घातला की अर्ध्यावर सोडू नको.

तुझ्या आईला, सारजावहिनीला सांग, नारळ पोचला.

आत्या


औरंगाबाद
१५ ऑक्टोबर १९५४

आत्याबाई,

तुमचं पत्र पाच तारखेला दुपारी मिळालं. एकदा वाचलं, आणि स्टुलावरून उठलो. माझ्यावर सगळा राग काढाल, दुकानातून हाकलाल असं वाटलं होतं. तुम्ही एक शब्द रागाचा लिहिला नाहीत. ज्याला दिसतंय त्यानं करावं, एवढंच. मला तेवढंच पाहिजे होतं.

कणगीचं तुम्ही काही लिहिलं नाहीत, म्हणून तुमच्या कणगीला हात लावला नाही. आईजवळ बोललो. आमच्या घरची शाळूची कणगी, खायची आणि पेरायची मिळून, भरलेली होती. आईनं माझं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "वन्संनं काय लिवलंय?" मी पत्र वाचून दाखवलं. ती उठली, कणगीचं तोंड तिनंच फोडलं. म्हणाली, "यंदा बाजरीची भाकर खाऊ. दात अजून घट्ट हाईत माझे." फडक्यासाठी चार दिवस वाट बघायला वेळ नव्हता. पण नवरात्राचे घट बसवताना आईनं ह्याच कणगीतलं धान्य टाकलं होतं. घटात काठोकाठ हिरवं उगवलेलं समोर दिसत होतं. तरी मी वेगळं फडकं टांगलंच. चौथ्या दिवशी आईनं सोडलं, चौऱ्याण्णव निघाले.

त्यासाठी न थांबता मी आणि फकिरा बैलगाडी घेऊन निघालो. गावोगाव दवंडी दिली. हलगीवाला ओरडायचा, "मनकर्णाबाईच्या दुकानचं लाल दोऱ्याचं बी पेरू नका हो! परत करा, दुसरं घ्या!" आणि मी शेजारी उभा राहायचो, म्हणजे कुणी विचारलं तर तोंड दाखवायला माणूस असावा. तिसऱ्या गावापासून मीच ओरडायला लागलो, हलगीवाल्याचा घसा बसला होता.

चौक्याची गोष्ट सांगितलीच पाहिजे. तिथं भागूबाई म्हणून एक म्हातारी आहे. तिनं गाठोडं छातीशी धरलं आणि मला म्हणाली, "मनकर्णाबाईच्या दुकानाचं नाव बुडवाया तुला कुणी धाडलं रं? समोरच्या दुकानवाल्यानं व्हय? माजं बी उगवत नाय म्हनतो! त्या बाईनं आकालात माज्या पदरात बी घातलंय." मी म्हटलं, आजी, मी त्यांचा भाचा. ती म्हणाली, "भाचा असतास तर आसं बोललाच नसतास." गाव जमलं. तिनं हातात खराटा घेतला होता, खोटं सांगत नाही. शेवटी फकिरानं डोक्याचा रुमाल सोडला, पाण्यात भिजवला, तिच्याच गाठोड्यातले शंभर दाणे तिच्याच हातानं काढवून, मोजून बांधले आणि तिच्याच दाराला टांगले. चौथ्या दिवशी मी परत गेलो. सगळं गाव हजर. तिनं गाठ सोडली. तिला वीसच्या पुढं मोजता येत नाही, म्हणून वीस-वीसच्या राशी केल्या. एक रास झाली, आणि दुसरी पुरी झाली नाही.

भागूबाईनं उरलेले दाणे पुन्हा एकदा चाचपून बघितले. मग लाल दोरा सोडून तिनं माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "खरं सांगाया खराट्याचा मार खायची तयारी ठेवलीस. तिच्याच घरचा हाईस तू."

सेहेचाळीसपैकी सदतीस गाठोडी दोऱ्यासकट परत आली. दोरा नसता तर कुणाला काही ओळखू आलं नसतं. नऊ जणांनी आधीच पेरलं होतं. त्यांतल्या सहांचं विरळ उगवलंय. त्यांना दुबार पेरायला बी दिलं, पेरायला आमची बैलजोडी दिली. आमच्या बारा एकरांत टाकायला शाळू उरला नाही, तिथं करडई पेरली. फकिरा म्हणतो, लाल रंग आता बदनाम झाला, पुढं दुसरा घेऊ.

आत्याबाई, तुम्ही आलात की मी दुकान सोडतो. तुमचं नाव मी सात गावांत हलगीवर वाजवलं. करायचं ते केलं, पण चूक माझीच होती.

बन्सी


हैदराबाद
१९ ऑक्टोबर १९५४

बन्सी,

तुझं अठ्ठावीस तारखेचं पत्र मी आईला पुरतं वाचून दाखवलंच नाही. चुन्याचा परिच्छेद वाचला आणि पुढच्या ओळीवर डोळा गेला तशी थांबले. तिच्या डोळ्याला टाके होते. हे ऐकून ती रडली असती आणि डोळा कायमचा गेला असता. मी म्हटलं, आई, बास, एवढंच लिहिलंय, पोत्यांचे आकडे पुढच्या पत्रात कळवतो म्हणालाय.

तिनं जे उत्तर दिलं ते चुन्याचं होतं रे. "सगळं आपल्या डोळ्यांनी बघ, मग हात घाल," हे भिंतीच्या पोपड्यांबद्दल होतं. मला वाटलं, तू पुन्हा विचारशील तोवर टाके निघतील. तू गावोगाव जाशील असं माझ्या मनातही आलं नाही.

कालचं पत्रही मी लपवलंय. दोन्ही तिच्या गादीखाली आहेत. तिला चष्मा मिळाला की तिच्या हातात देईन आणि काय बोलेल ते ऐकून घेईन. तू मला माफ कर.

आवडाक्का


औरंगाबाद
२३ ऑक्टोबर १९५४

आक्का,

तुझं पत्र वाचून आधी दुकानातच खाली बसलो आणि मग हसू आवरेना. फकिराला वाटलं, मला काही झालं. चुना! सात गावं फिरलो मी चुन्याच्या हुकमावर.

तू योग्य केलंस. माझ्यासाठी तिचा डोळा गेला असता तर मी कुठं तोंड लपवलं असतं? पण आता मला एका गोष्टीची भीती वाटते. इतके दिवस वाटत होतं, आत्याबाईंच्या सांगण्यावरून केलं. आता कळतंय, त्यांना काहीच माहीत नव्हतं. चूकही माझी आणि त्यापुढचंही सगळं माझं. त्यांना ते पटलं नाही, तर मला दुसऱ्या कुणाच्या आडोशाला उभं राहता येणार नाही. वाचून झालं की जे म्हणतील ते तसंच लिही, कमी करू नको.

भिंतीला पांढरा चुना मारला. निळीची झाक घेतली नाही.

बन्सी


हैदराबाद
६ नोव्हेंबर १९५४

बन्सी,

हे मी स्वतः लिहितेय. अक्षर मोठं आहे, ओळी वाकड्या आहेत, लावून घे. पन्नाशीत दुकानांच्या पाट्या बघून शिकलेलं अक्षर आहे.

चष्मा काल मिळाला. पहिल्यांदा आवडा दिसली. तिचे केस पिकलेत, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मग तिनं गादीखालून कागद काढून दिले आणि कोपऱ्यात जाऊन उभी राहिली, लहानपणी दूध सांडल्यावर राहायची तशी. मी सगळी पत्रं पहिल्यापासून वाचली. दोनदा. दुपार गेली.

आधी रागवायचं ते रागावून घेते. एका पोत्यावरून आठ पोती ओळखलीस, ह्याबद्दल मी समोर असते तर कान धरला असता. ते तुला आता जन्मभर कळलंय, म्हणून सोडते. पण त्याहून मोठी चूक दुसरीच आहे आणि ती तू लिहिलेलीसुद्धा नाहीस. तुला अठ्ठावीस तारखेला सगळं दिसत होतं, आणि माझ्या उत्तरासाठी पाच तारखेपर्यंत बसून राहिलास. त्या आठ दिवसांत लोकांनी बी मातीत घातलं. नऊ घरांनी पेरलं ते तुझ्या पोत्यानं नाही, तुझ्या थांबण्यानं. चूक कळली की विचारायला जायचं नसतं, तडक निघायचं असतं. हे मी तुला आधी सांगायला पाहिजे होतं. सांगायचं राहिलं, म्हणजे चुकीत माझाही वाटा आहे. म्हणून माझी कणगी उघड आणि सारजाची भर. वहिनीनं माझ्या दुकानासाठी वर्षभर बाजरी खायची आणि मी शाळू खायचा, असं होणार नाही. बाजरी मीही खाणार.

लाल दोरा बदलायचा नाही. लोक म्हणतील, ते लाल दोऱ्याचं दुकान. म्हणू देत. ज्या दुकानाचा माणूस दारी येऊन खराब बी परत घेऊन जातो ते दुकान, असं म्हणतील. फकिराला त्याचा रुमाल गेला म्हणून नवा घेऊन दे, चांगला, पैठणीच्या काठाचा मिळाला तर बघ.

आता दुसरं. तुझं पंधरा तारखेचं पत्र वाचत होते तेव्हा डॉक्टर आला. त्याला म्हटलं, बस, ऐक. त्याला सगळं वाचून दाखवलं, भागूबाईच्या खराट्यापर्यंत. त्याच्या नर्सला दाखवलं. शेजारच्या खोलीतल्या दोघींना दाखवलं. आवडाच्या मालकांना दाखवलं. पोस्टमन आला, त्यालाही सोडलं नाही. सगळ्यांना एकच सांगितलं, हा माझा भाचा आहे. मला इतका अभिमान कधी वाटला नव्हता, दुकानाचा नाही, जमिनीचा नाही, कशाचाच नाही. माझ्या सांगण्यावरून केलं असतंस तर मी बरं म्हटलं असतं आणि विसरले असते. मी सांगितलं ते चुन्याचं. बाकीचं तुझं आहे.

खरं सांगते, डॉक्टरनं आता रडायला परवानगी दिलीय, आणि मी ती वापरली.

दुकान सोडतो म्हणालास. भागूबाई तुला घरचा म्हणाली, तिच्यापुढं माझं चालणार नाही, तुझंही नाही.

पुढच्या मंगळवारी सकाळच्या गाडीनं पोचते. तू स्टेशनवर येऊ नको. फकिराला टांगा घेऊन पाठव. मी थेट औरंगपुऱ्यात येईन. दारात उतरेन तेव्हा स्टूल दिसता कामा नये, आणि तू गादीवर बसलेला दिसला पाहिजेस.

डोळा मी त्याच्यासाठीच करून घेतलाय.

मनकर्णा